चांगला लेझर बिघडवणारी माणसं

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तितके गाळलेत. थोडे राहिलेत, चालवून घ्या.)

आजचा भाग एका चुकीपासून सुरू होतो आणि चूक माझीच आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेची बातमी आली, तुम्हाला आठवत असेल. लेझरने इंधनाची एक इवलीशी गोळी दाबली आणि जेवढी ऊर्जा लेझरने आत टाकली त्यापेक्षा जास्त बाहेर आली. सूर्यात चालतं तसं फ्यूजन, म्हणजे अणुकेंद्रांचं संमीलन, प्रयोगशाळेत. मी त्याच रात्री दहा मिनिटांचा एक भाग रेकॉर्ड करून टाकला आणि त्यात अगदी आत्मविश्वासाने म्हणालो, “शेवटी पुरेसा मोठा लेझर बांधला आणि काम झालं.”

दोन दिवसांनी एका श्रोतीचा मेसेज आला. एकच ओळ. “दादा, तो लेझर तर २००९ पासून तिथेच आहे. मग तेरा वर्षं काय चाललं होतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वाचायला बसलो आणि तेरा वर्षांऐवजी पन्नास वर्षांचा इतिहास हाती लागला. तो वाचल्यावर कळलं की माझं ते वाक्य नुसतं अर्धवट नव्हतं, उलटं होतं. ताकद वाढवणं हा या गोष्टीतला सोपा भाग आहे. अवघड भाग आहे ती ताकद सगळीकडून *सारखी* लावणं. आज तीच गोष्ट सांगतो.

लाडू वळताना

आधी प्रश्न समजून घेऊ. फ्यूजनसाठी हायड्रोजनचे दोन जड भाऊ लागतात, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. त्यांची केंद्रकं एकमेकांना ढकलतात, कारण दोन्हींवर धन प्रभार असतो. ती चिकटवायची तर प्रचंड तापमान आणि प्रचंड घनता हवी. सूर्याकडे त्यासाठी गुरुत्वाकर्षण आहे. आपल्याकडे ते नाही.

म्हणून एक युक्ती. दोनेक मिलिमीटरची पोकळ गोळी घ्यायची. तिच्या आतल्या बाजूला या इंधनाचा बर्फ, अगदी पातळ थर. गोळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एका क्षणात इतकी ऊर्जा ओतायची की तो थर वाफ होऊन बाहेर उडेल. थर बाहेर उडाला की उरलेली गोळी रॉकेटसारखी उलट दिशेला, म्हणजे आत ढकलली जाते. सगळ्या बाजूंनी आत. सेकंदाला तीनशे-चारशे किलोमीटर वेगाने. मधोमध सगळं एकमेकांवर आदळतं, तापतं आणि पेटतं.

आता लाडू आठवा. आमची आजी रव्याचे लाडू वळायची तेव्हा मी शेजारी बसून माझा एक ‘स्पेशल’ लाडू करायचो. तिचा गोल, घट्ट. माझा हमखास फुटायचा. मी जोर कमी लावत नव्हतो हो, उलट जास्तच लावायचो! पण अंगठ्याखाली दाब जास्त आणि बोटांच्या फटीत काहीच नाही. फटीतून रवा बाहेर. आजीचा हात चारी बाजूंनी सारखा दाबायचा.

इथे गणित मात्र लाडवापेक्षा फार कडक आहे. गोळीची त्रिज्या सुमारे एक मिलिमीटर धरा, म्हणजे हजार मायक्रॉन. ती दाबून साधारण तिसाव्या भागाएवढी करायची, म्हणजे तीस-पस्तीस मायक्रॉन. समजा एक बाजू दुसरीपेक्षा फक्त १ टक्का हळू आली. हजार मायक्रॉनच्या प्रवासात ती १० मायक्रॉन मागे राहील. आणि शेवटचा गोळा केवढा? तीस मायक्रॉनचा. म्हणजे सुरुवातीची एक टक्क्याची चूक शेवटी एक तृतीयांश होऊन बसते. गोल उरतच नाही.

यात आणखी एक खोडी आहे. शाळेतला तो प्रयोग आठवतो? पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर कागद ठेवायचा, पेला उलटा करायचा, आणि पाणी पडत नाही. हवेचा दाब ते पेलून धरतो. मग कागद काढला की का पडतं? हवेचा दाब तर तेवढाच आहे. पडतं, कारण पाण्याचा पृष्ठभाग कधीच पूर्ण सपाट नसतो. त्यावर बारीक लहरी असतात आणि हलकी हवा जड पाण्याला पेलत असताना त्या लहरी झपाट्याने वाढतात. कागद त्यांना वाढू देत नव्हता. यालाच रेले-टेलर अस्थिरता म्हणतात. लॉर्ड रेले यांनी १८८३ मध्ये आणि जी. आय. टेलर यांनी १९५० मध्ये तिचं गणित मांडलं.

आपल्या गोळीत अगदी हेच होतं. बाहेरचा उष्ण, विरळ वायू आतल्या घट्ट कवचाला ढकलतो. हलकं जडाला ढकलतंय. म्हणजे लेझरच्या प्रकाशात जो काही उंचसखलपणा असेल त्याचा गोळीवर छाप पडणार आणि तो छाप वाढतच जाणार.

१९७२ चा लेख

पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये कॅलिफोर्नियात चालवला. लिव्हरमोरमध्ये जॉन नकल्स नावाचे तरुण भौतिकशास्त्रज्ञ त्याच्याही आधीपासून एका प्रश्नाच्या मागे होते: हायड्रोजन बॉम्बचा स्फोट किती लहान करता येईल? लेझर आल्यावर त्यांना काडेपेटी मिळाली. पण लिव्हरमोर ही अण्वस्त्रांची प्रयोगशाळा, त्यामुळे बरीच वर्षं हे सगळं गुप्त.

सप्टेंबर १९७२ मध्ये नकल्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. हायड्रोजन त्याच्या द्रवरूपाच्या दहा हजार पट घनतेपर्यंत दाबता येईल, असं त्यात म्हटलं होतं. आणि आत टाकली तेवढी ऊर्जा परत मिळवायला किती लेझर लागेल? त्यांचा अंदाज होता एक किलोज्यूलच्या आसपास.

एक किलोज्यूल! आपल्या रोजच्या मापात सांगायचं तर एका छोट्या कपातल्या पाण्याचं तापमान दोन-तीन अंश वाढवण्याइतकी ऊर्जा. २०२२ मध्ये प्रत्यक्षात लागले २०५० किलोज्यूल. दोन हजार पट.

पण नकल्स यांना हसू नका. त्यांचा हिशेब आदर्श गोळीचा आणि आदर्श प्रकाशाचा होता. प्रकाशातला उंचसखलपणा आपोआप पुसला जाईल, अशी एक रास्त आशाही त्यात होती. कशी, ते पुढे येईल. ‘आदर्श’ आणि ‘खरं’ यांच्यामधली ती दोन हजार पट दरी हाच आजचा इतिहास आहे.

ॲन आर्बरचे दोन आरसे

पहिली धडक मारली ती एका खासगी कंपनीने. मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथले कीव्ह सीगल हे रडारचे अभ्यासक आणि नंतर उद्योजक. त्यांच्या ‘केएमएस फ्यूजन’ने सरकारी प्रयोगशाळांच्या आधी बाजी मारायची ठरवली.

त्यांच्याकडे लेझरचे झोत होते दोनच. दोन बाजूंनी दोन टॉर्च मारून चेंडू सगळीकडून उजळतो का? नाही. मधला पट्टा अंधारात राहतो. म्हणून त्यांनी लंबवर्तुळाकार आरसे वापरले. झोत थेट गोळीवर न मारता आरशावर मारायचा आणि आरशाने तो गोळीभोवती गुंडाळायचा. सारखेपणाच्या प्रश्नाला मिळालेल्या पहिल्या खऱ्या उत्तरांपैकी हे एक. १ मे १९७४ ला दाबलेल्या गोळीतून त्यांना फ्यूजनचे न्यूट्रॉन मिळाले.

ऊर्जा म्हणाल तर नगण्य. पण दार किलकिलं झालं होतं. पुढच्या वर्षी, मार्च १९७५ मध्ये, सीगल अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर साक्ष देत होते. आपल्या कामाला पाठिंबा मिळावा म्हणून बोलत असतानाच त्यांना स्ट्रोक आला आणि त्यातच ते गेले. हे वाचताना मी थांबलो होतो. बातमीत आपल्याला फक्त शेवटचा दिवस दिसतो. त्याआधीच्या दिवसांत माणसं आयुष्य घालून बसलेली असतात.

शिव, आणि रंगाची अडचण

१९७७ मध्ये लिव्हरमोरने २० झोतांचा लेझर उभा केला. नाव ठेवलं ‘शिव’. हो, आपलाच. अनेक हातांचा देव, म्हणून. दहा किलोज्यूल. नकल्स यांच्या अंदाजाच्या दहा पट. पण गोळी काही पेटली नाही.

कारण रंगात होतं. शिवचा प्रकाश अवरक्त, तरंगलांबी साधारण एक मायक्रॉन. गोळीवरून उडालेल्या वायूत, म्हणजे प्लाझ्मात, असा प्रकाश शिरला की तो काही इलेक्ट्रॉनांना भलताच वेग देतो. हे इलेक्ट्रॉन कवच भेदून थेट आत जातात आणि इंधन आधीच गरम करून टाकतात. गरम वस्तू दाबायला अवघड. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून बघा, आतली हवा तापते तसा दांडा अडतो.

उपाय होता तरंगलांबी कमी करायचा. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या लेझर प्रयोगशाळेने केडीपी नावाच्या स्फटिकांतून अवरक्त प्रकाशाचं कार्यक्षमतेने अतिनील प्रकाशात रूपांतर करून दाखवलं. तरंगलांबी एक तृतीयांश. चपळ इलेक्ट्रॉनांचा त्रास खूप कमी झाला. पुढचे मोठे काचेचे लेझर सगळे याच वाटेने गेले.

पण एक दार बंद केलं तर दुसरं उघडलं. नकल्स यांची ती आशा आठवते? ती अशी होती: प्रकाश प्लाझ्माच्या ढगात वरच्या वर शोषला जातो आणि तिथून उष्णता खाली गोळीपर्यंत झिरपते. झिरपताना ती आजूबाजूलाही पसरते, त्यामुळे उंचसखलपणा पुसला जातो. ढगाळ दिवशी सावल्या कशा धूसर होतात, तसं. आता अतिनील प्रकाश त्या ढगात जास्त खोल शिरतो. म्हणजे झिरपायला अंतर कमी, ढग पातळ, सावल्या ठळक. शिवाय पहिल्या क्षणी तर ढगच नसतो. प्रकाश थेट उघड्या गोळीवर पडतो आणि आपला ठसा उमटवून मोकळा होतो.

आणि तो ठसा कसा असतो, हे तुम्ही घरी बघू शकता.

भिंतीवरचे ठिपके

जत्रेत मिळतो तो स्वस्तातला लेझर पॉइंटर घ्या. डोळ्यात नाही, आरशावर नाही, साध्या भिंतीवर मारा. नीट बघा. तो लाल डाग सपाट नसतो. रवाळ दिसतो. बारीक चमकते ठिपके आणि मध्ये काळे ठिपके, रांगोळी सांडल्यासारखे. बल्बच्या उजेडात असं कधी दिसत नाही.

असं का होतं? बल्बचा प्रकाश म्हणजे शनिवारच्या बाजारातली गर्दी. जो तो आपल्या चालीने. लेझर म्हणजे लेझीम पथक. (नावातलं साम्य योगायोग आहे, पण माझ्या फार कामाचं आहे.) सगळ्यांचं पाऊल एकाच वेळी पडतं. लेझरची सगळी किंमत या एकतालात आहे. पण असे एकतालातले झोत वेगवेगळ्या वाटांनी येऊन एका जागी भेटले की कुठे लाटेवर लाट चढते आणि लखलखाट होतो, कुठे लाट खड्ड्यात पडते आणि अंधार होतो. तेच ते ठिपके.

मोठ्या लेझरमध्येही हेच. शंभर मीटर काचा, आरसे आणि भिंगं पार करून आलेल्या झोतात बारीक दोष साचतात आणि गोळीवर तापलेले आणि गार डाग पडतात. ज्या गुणासाठी लेझर वापरायला घेतला, तोच गुण गोळी फोडत होता.

मग काय करायचं? इथे या इतिहासातलं मला सगळ्यात आवडलेलं वळण येतं. १९८० च्या दशकात जगातल्या काही उत्तम लेझरतज्ज्ञांनी आपला वेळ चांगला लेझर *नीट मोजून बिघडवण्यात* घालवला.

तीन गावं, तीन युक्त्या

पहिलं गाव वॉशिंग्टन, अमेरिकी नौदलाची संशोधन प्रयोगशाळा. रॉबर्ट लेमबर्ग आणि स्टीफन ओबेनशाइन यांनी १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. लेझरचा रंग मुद्दाम थोडा ‘अशुद्ध’ करायचा, म्हणजे पथकाला फार वेळ ताल धरताच येऊ नये. मग झोत पायऱ्यापायऱ्यांच्या काचेतून न्यायचा. एका पायरीवर काच जाड, दुसरीवर पातळ, त्यामुळे झोताचा प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या वेळी निघतो. पथकाच्या तुकड्या पाडल्या, एकेकीला उशिरा सोडलं आणि तालही विसरायला लावला. ठिपके पडतातच, पण ते दर क्षणी जागा बदलतात. गोळीला हलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात असे असंख्य नकाशे एकमेकांवर पडून जातात आणि सरासरी सपाट येते.

मोबाईलवर पंख्याचा स्लो-मोशन व्हिडिओ काढलाय कधी? त्यात पाती सुटी दिसतात. डोळ्यांना मात्र एक सलग चकती दिसते. गोळी हा आपला मंद डोळा आहे. पाती पुरेशी वेगाने फिरवली की झालं.

दुसरं गाव जपानमधलं ओसाका. तिथल्या विद्यापीठाच्या लेझर संस्थेत योशिआकी कातो आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलेली युक्ती इतकी साधी आहे की ऐकून हसू येतं. एका काचेवर बारीक चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनासाठी जणू नाणं उडवायचं. छापा आला तर प्रकाश सरळ जाऊ द्या, काटा आला तर अर्ध्या तरंगलांबीने मागे ठेवा. झोताचे हजारो तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पूर्ण गोळीवर पसरतो. झोतातले मोठे डाग मोडतात. उरतात ते अतिशय बारीक ठिपके आणि बारीक ठिपके त्या पातळ ढगालाही पुसता येतात. झोताचा मोठा आकार आता लेझरच्या लहरीवर नाही, काच बनवणाऱ्याच्या हातात.

तिसरं गाव परत रोचेस्टर. कोडॅकचं गाव, काच आणि भिंगं तिथल्या पाण्यात. त्यांची अडचण अशी होती की वॉशिंग्टनची पद्धत काचेच्या लेझरला जुळेना. रंग अशुद्ध केला की अतिनील करणारे ते केडीपी स्फटिक रुसतात, त्यांना ठरावीक रंग ठरावीक कोनातूनच हवा. १९८९ मध्ये स्टॅन्ली स्कुपस्की आणि सहकाऱ्यांनी तोड काढली. लेझरचा रंग एका स्फटिकाच्या मदतीने अतिवेगाने किंचित इकडे-तिकडे हलवायचा आणि मग रेषांच्या जाळीने ते रंग झोताच्या रुंदीवर पसरवायचे. असा झोत ओसाकासारख्या चौकोनी काचेतून गेला की प्रत्येक चौकोनाला दर क्षणी थोडा वेगळा रंग मिळतो, त्यामुळे ठिपके सरकत राहतात. आणि स्फटिकही रुसत नाहीत. आज मोठ्या काचेच्या लेझरमध्ये ही पद्धत ठरून गेलेली आहे.

या सगळ्यामागचा हिशेब एकच. एकमेकांशी संबंध नसलेले शंभर नकाशे एकावर एक टाकले की उंचसखलपणा शंभर पट नाही, दहा पट कमी होतो. वर्गमूळाचा नियम. म्हणजे आणखी दहा पट सपाटी हवी असेल तर दहा हजार नकाशे लागतात. निसर्ग इथे घासाघीस करत नाही.

आणि बघा, वॉशिंग्टनची कल्पना, ओसाकाची काच, रोचेस्टरची जोडणी. तीन ठिकाणांनी एकमेकांचं उघड छापलेलं काम वाचलं आणि पुढे नेलं. हे ‘उघड’ लक्षात ठेवा, आता लगेच लागणार आहे.

फुटबॉल आणि सोन्याची डबी

प्रत्येक झोत सपाट झाला, तरी झोत किती आणि कुठून मारायचे हा प्रश्न उरतोच. रोचेस्टरचा ‘ओमेगा’ १९८० मध्ये २४ झोतांचा होता. १९९५ मध्ये तो ६० झोतांचा झाला. ६० का? फुटबॉल बघा, जुना, काळे पंचकोन आणि पांढरे षटकोन शिवलेला. त्याचे कोपरे मोजा. साठ भरतात. ओमेगाचे झोत जवळपास तशाच मांडणीत, मधल्या गोळीकडे तोंड करून येतात.

त्यात सगळ्यांची ताकद सारखी हवी आणि पोचायची वेळही. प्रकाश एका पिकोसेकंदात जेमतेम ०.३ मिलिमीटर जातो. म्हणजे इमारतभर आरशांवरून फिरून आलेल्या साठ वाटांची लांबी मिलिमीटरच्या हिशेबात जुळवायची. हे काम करणाऱ्या तंत्रज्ञांचा फोटो बातमीत येत नाही.

लिव्हरमोरने मात्र वेगळी वाट घेतली होती. गोळीला प्रकाश लावायचाच नाही. गोळी एका लहान सोन्याच्या नळकांड्यात ठेवायची, लेझर दोन्ही टोकांच्या भोकांतून आतल्या भिंतींवर मारायचा. सोनं तापून क्ष-किरण सोडतं आणि ते किरण नळकांडं भरून टाकतात. गोळी त्यात न्हाऊन निघते. निखाऱ्यावर पापड आणि भट्टीत पाव, एवढा फरक. भट्टीत उष्णता चहूकडून येते. लेझरचे बारीक ठिपके सोन्याच्या भिंतीवरच अडतात. किंमत अशी की बरीच ऊर्जा भट्टी तापवण्यातच जाते.

मग ही युक्ती सगळ्यांनी का उचलली नाही? कारण क्ष-किरणांनी इंधन दाबणं हे हायड्रोजन बॉम्बचं तत्त्व आहे. अमेरिकेने या कामाचा मोठा भाग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गुप्त ठेवला होता. ठिपके पुसण्याचं शास्त्र इतकं फुललं त्यामागे हेही एक कारण मला दिसतं. ज्यांना उघड्यावर काम करायचं होतं, त्यांच्यासाठी प्रकाश थेट गोळीवर मारायची वाट मोकळी होती.

ही बाजू मी त्या जुन्या भागात सांगितलीच नव्हती, तीही चूकच. अमेरिकेने शेवटची अणुचाचणी १९९२ मध्ये केली. त्यानंतर चाचणीशिवाय आपली अस्त्रं समजून घ्यायची साधनं हवी होती. लिव्हरमोरच्या १९२ झोतांच्या ‘निफ’ला, म्हणजे नॅशनल इग्निशन फॅसिलिटीला, पैसा मिळाला तो प्रामुख्याने त्या खात्यातून. स्वच्छ विजेचं स्वप्न आणि बॉम्बची देखभाल एकाच छताखाली राहतात. मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. पण माहीत असलेलं बरं.

मग तेरा वर्षं काय चाललं होतं?

आता त्या मेसेजचं उत्तर.

निफ २००९ मध्ये पूर्ण झाला. २०१२ पर्यंत गोळी पेटवायची मोहीम होती. पेटली नाही. बाहेर टीका, आत शोधाशोध. भट्टी असूनही दाब सारखा नव्हता. नळकांड्याची टोकं आणि मधला पट्टा यांना मिळणारे क्ष-किरण कमी-जास्त व्हायचे. आणि गोळी नळकांड्यात अधांतरी तर राहू शकत नाही. तिला धरायला प्लॅस्टिकचा एक पडदा होता, जाडी काही डझन नॅनोमीटर, केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ. तेवढ्या पडद्याची कड जिथे गोळीला टेकायची तिथे दाबताना वण उठत होता. इंधन भरायची केसाहून बारीक नळी, तिचाही.

मग एकेक गोष्ट घासत गेले. नळी आणखी बारीक. प्लॅस्टिकच्या गोळीऐवजी हिऱ्याची. नळकांड्याचा आकार बदलला. आणि एक विलक्षण चावी हाती होती: झोत जिथे एकमेकांना छेदून भोकातून आत शिरतात, तिथल्या प्लाझ्मात एका झोताची ऊर्जा दुसऱ्यात जाते. दोन गटांच्या तरंगलांबीत अगदी बारीक, काही अँगस्ट्रॉमचा फरक ठेवला की ही देवाणघेवाण हवी तशी वळवता येते. म्हणजे रंग किंचित बदलून गोळीचा आकार दुरुस्त करायचा!

८ ऑगस्ट २०२१ ला १.३ मेगाज्यूलहून जास्त ऊर्जा मिळाली. मग लेझरची ताकद थोडी वाढवली, सुमारे आठ टक्के, आणि गोळीचं कवच जाड केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये या वाढीव ताकदीने पहिला प्रयत्न झाला. मिळाले साधारण १.२ मेगाज्यूल. ताकद जास्त, फळ कमी! गोळा चपटा होत होता. आपल्या भाषेत थालीपीठ. ॲनी क्रिचर यांच्या नेतृत्वाखालच्या आखणी करणाऱ्या गटाने झोतांमधली ती देवाणघेवाण पुन्हा जुळवली. लेझर तेवढ्याच ताकदीचा, २.०५ मेगाज्यूल. ५ डिसेंबर २०२२, स्थानिक वेळ रात्री एक वाजून तीन मिनिटं. बाहेर आले ३.१५.

सप्टेंबर आणि डिसेंबर. तोच लेझर, तीच ऊर्जा, आणि फळात अडीच पटींहून जास्त फरक. त्यातला मोठा वाटा गोळा गोल राहण्याचा. मी ज्या रात्री “पुरेसा मोठा लेझर” म्हणत होतो, त्या रात्रीच्या बातमीतच माझ्या वाक्याचं खंडन होतं. मी ते वाचलं नव्हतं.

जाता जाता, फुगा थोडा आवरूया. तो लेझर चालवायला विजेच्या जाळ्यातून साधारण ३०० मेगाज्यूल घेतले गेले होते. म्हणजे घरात वीज यायला अजून खूप अवकाश आहे. आणि वीजघर करायचं तर सेकंदाला अनेक गोळ्या, प्रत्येक तितकीच सारखी दाबलेली, हवी. थेट प्रकाशाची वाट ऊर्जा कमी वाया घालवते, म्हणून रोचेस्टरचं काम आजही चालू आहे. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ओमेगावर गोळीच्या मधल्या तापलेल्या भागात जेवढी ऊर्जा होती, त्यापेक्षा जास्त फ्यूजनमधून मिळाली. लेझर निफच्या साधारण सत्तराव्या भागाएवढा. हातात भाऱ्याची ताकद नाही, पण दाब सारखा.

तर त्या श्रोतीला, उशिरा का होईना, माझं उत्तर: तेरा वर्षं ते लाडू वळायला शिकत होते. त्याआधी सदतीस वर्षं इतर लोक हात सारखा कसा ठेवायचा ते शोधत होते. मेसेजबद्दल आभार.

भिंतीवरचे ते ठिपके बघितलेत तर मला नक्की कळवा. आणि बघताना डोकं हळूच डावी-उजवीकडे हलवा, ठिपकेही सरकताना दिसतील. वॉशिंग्टन आणि रोचेस्टरच्या लोकांना ते गोळीवर याहून कितीतरी पट वेगाने सरकवायचे होते, एवढंच.

भेटू पुढच्या भागात. आणि त्यातही काही चुकलो, तर सांगा. एक ओळ पुरते.